बंद न होणारा रेडिओ

सहावीत असताना मी आजोबांचा रेडिओ कायमचा बोलता केला.

झालं असं, की आवाजाचं बटण आतून तडकलं होतं. फिरवलं की नुसतंच गरगरायचं, आतली दांडी जागची हलायची नाही. मी दुकानातून झटक्यात चिकटवणाऱ्या गोंदाची चिमुकली ट्यूब आणली, बटण उपसलं, दांडीवर दोन थेंब सोडले, बटण दाबून धरलं आणि वीसपर्यंत आकडे मोजले. बटण बसलं. इतकं बसलं, की दांडीसकट बसलं. आवाज त्या घडीला बारा आणे होता, तो बारा आण्यांवरच राहिला. त्यात भर म्हणजे, रेडिओ चालू-बंद करायचा खटका त्याच दांडीच्या टोकाला असतो. त्यामुळे रेडिओ आता बंदही होईना.

पुढची सात-आठ वर्षं रोज रात्री आजी रेडिओचं मागचं झाकण उघडून चार सेल बाहेर काढायची आणि कोनाड्यात ठेवायची. सकाळी आजोबांनी सेल घातले, की पुणे आकाशवाणी ओरडतच उठायची. सात पाचच्या बातम्यांसाठी आमच्या आळीत दुसऱ्या कुणी रेडिओ लावायची गरज उरली नाही. आणखी एक गंमत गोंद लावला त्याच रात्री झाली होती. सकाळी पाहतो तर बटणाभोवती आणि स्टेशनांच्या काचेवर पांढुरकी साय धरलेली, कुणी राख फुंकावी तशी. मला वाटलं रेडिओला बुरशी आली. आजोबा एवढंच म्हणाले, "ऐकू येतंय ना? मग झालं."

पुढे मांजरानं तो फळीवरून पाडला आणि तो गप्प झाला. गेल्या दिवाळीत माळा झाडताना सापडला, तेव्हा तो पिशवीत घालून मी वडगाव निंबाळकरला गेलो. नीरा-बारामती रस्त्यावरचं हे गाव. डावा कालवा जवळून जातो, चहूकडे ऊस, आणि हंगामात सोमेश्वर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकलात तर दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास. तिथे एक जुने मेकॅनिक काका आहेत. आता ते मोटारीचे स्टार्टर, मिक्सर आणि चार्जर दुरुस्त करतात, पण मागच्या फळीवर दोन-चार व्हॉल्व्हचे रेडिओ अजून आहेत. काकांनी माझा रेडिओ उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "दांडीत ह्यो कुणी वतला?"

मी कबुली दिली.

"आरं, गोंद हाय का शिमिट?"

त्या दोन दिवसांत त्यांनी रेडिओला सहा ठिकाणी हात घातला. सहा ठिकाणी सहा तऱ्हांनी जोडलं, आणि मी वापरला होता तो गोंद एकाही ठिकाणी वापरला नाही. मी तोवर समजत होतो, की गोंदाला एकच गुण असतो, जोर. जाहिरातीत हत्ती ओढला तरी न सुटणारा तो चांगला.

चिकटणं म्हणजे काय, हेच आधी बघू. उसाच्या मुलखातल्या माणसाला चिकटपणा शिकवावा लागत नाही. गुऱ्हाळावरची काकवी बोटाला लागली की बोटं एकमेकांना सोडत नाहीत. तरी काकवीनं कपाची दांडी कुणी जोडत नाही. काकवी पसरते छान, प्रत्येक खाचेत शिरते, पण तशीच पातळ राहते. ओढलं की तार निघते. तीच काकवी आटून गूळ झाली की घट्ट होते, पण मग ठोसा मारला की फुटते. गोंदाला या दोन्ही जन्मांची गरज असते. आधी पाण्यासारखं पसरायचं, मग जागच्या जागी घट्ट व्हायचं, आणि घट्ट झाल्यावर गुळासारखं फुटायचं नाही.

पसरणं इतकं महत्त्वाचं का? कारण आपल्याला गुळगुळीत दिसणारे दोन तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्री असतात. एकावर एक ठेवले तर शिखराला शिखर टेकतं, बाकी सगळी दरीच. वस्तूंच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, पण ती फार आखूड पल्ल्याची. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या आसपास अंतर असेल तरच ती जाणवते. तेवढ्या जवळ जाता आलं तर गोंद लागतच नाही. खोटं वाटत असेल तर भिंतीवरची पाल बघा. तिच्या पायाला कसलाही चिकट द्रव नसतो. बोटांखाली लाखो केस, प्रत्येक केसाचं टोक शेकडो फाट्यांत विभागलेलं. ते फाटे भिंतीच्या इतक्या लगत जातात, की नुसत्या रेणूंच्या ओढीवर ती छताला उलटी लटकते. एका केसाची ओढ शास्त्रज्ञांनी २००० साली मोजली. आपल्याला असे केस नाहीत, म्हणून आपण दऱ्या भरायला काहीतरी पातळ ओततो. त्यालाच गोंद म्हणायचं.

पण ओतलेलं पसरलंच नाही तर? त्यासाठी आपल्या भाषेत शब्द तयार आहे, अळवावरचं पाणी. आयुष्य क्षणभंगुर आहे हे सांगायला संतांनी वापरलेला तो दाखला चिकटवण्याच्या शास्त्रातला पहिला धडा आहे. अळूच्या पानाला पाण्याची ओढ नाही, पाण्याला स्वतःचीच जास्त, म्हणून थेंब मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. काही प्लास्टिकं गोंदाच्या बाबतीत अशीच अळूची पानं आहेत.

माझ्या रेडिओच्या सेलच्या झाकणाचं तेच होतं. त्याची कडा मोडली होती. काकांनी मोडका तुकडा उचलला आणि स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात टाकला. तो तरंगला. "ह्याला काय बी लागायचं न्हाय," म्हणून त्यांनी विषय संपवला. मला तो मंत्रतंत्र वाटला, पण त्यामागे साधं शास्त्र आहे. रेडिओत भेटणारी बहुतेक कडक प्लास्टिकं पाण्यापेक्षा जड असतात, बुडतात. तरंगतात ती पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन. बादल्या, क्रेट, बाटल्यांची बुचं याच घराण्यातली. दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, मेणाचे थोरले भाऊ. गोंदाला धरायला त्यांच्या अंगावर कुठे आकडाच नाही. गोंदाच्या बाटल्या याच प्लास्टिकच्या का असतात, हे मला त्या पेल्याकडे बघताना कळलं. सगळ्या जगाला चिकटणारा पदार्थ आपल्याच बाटलीला आतून का चिकटत नाही, असा प्रश्न लहानपणी पडला होता. उत्तर पाण्यावर तरंगत होतं.

मग झाकणाचं काय केलं? सुई तापवून दोन्हीकडे बारीक भोकं पाडली आणि तांब्याच्या पातळ तारेनं टाके घातले. गोधडीला घालतात तसे.

दांडीचं काम मात्र तासभर चाललं. तिथे नेमकं काय घडलं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्या गोंदाचं रासायनिक नाव सायनोअक्रिलेट. आपल्याकडे फेविक्विक आलं आणि मग सगळेच त्याला ब्रँडच्या नावानं हाक मारू लागले. मी सुपरग्लू म्हणतो. त्याचा जन्म वैतागातून झाला. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ हाती आला, पण ज्याला लागेल त्याला चिकटून बसायचा, म्हणून त्यांनी बाजूला सारला. नऊ वर्षांनी, १९५१ साली, कोडॅक कंपनीत त्यांच्याच हाताखालच्या फ्रेड जॉयनर यांनी त्याच कुळातल्या रसायनाचा एक थेंब प्रकाश किती वाकतो ते मोजायच्या महागड्या यंत्राच्या दोन लोलकांमध्ये ठेवला. मोजणी झाली, लोलक सुटेनात. यंत्र गेलं, आणि तेव्हा कूव्हर यांच्या डोक्यात उजेड पडला. १९५८ साली तो गोंद म्हणून बाजारात आला. लोलक चिकटवणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल मला अर्थातच आपुलकी वाटते.

हा गोंद वाळत नाही. वाळणं म्हणजे काहीतरी उडून जाणं. इथे उलट होतं, हवेतलं काहीतरी येऊन त्याला जागं करतं. ते म्हणजे पाणी. कोरड्या दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूवर बाष्पाचा एक अदृश्य पापुद्रा असतो. सायनोअक्रिलेटच्या सुट्या रेणूंना तो लागला, की पहिला रेणू दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि सेकंदांत लाखोंची फुगडी जमते. ट्यूबमध्ये चिमूटभर आम्ल घालून त्यांना झोपवलेलं असतं. म्हणून हा गोंद जितका पातळ लावाल तितका पक्का. जाड थर लावला, तर बाष्प आतपर्यंत पोचत नाही आणि पोटात ओला राहतो. याच कारणानं गॅरेजवाले वरून खायचा सोडा भुरभुरवतात. सोडा अल्कधर्मी, तो त्या आम्लाला गप्प करतो आणि फुगडी एका क्षणात जमते. सोडा आणि गोंद मिळून दगडासारखा गोळा होतो. कापसावर किंवा सुती बनियनवर मात्र हा गोंद सांडू देऊ नका. धाग्यांच्या जाळ्यात तो एवढ्या वेगानं जमतो, की चटका बसावा इतकी उष्णता निघते.

काचेवरची ती बुरशीही याच कुळातली. न जमलेले रेणू वाफ होऊन उडतात, जवळच्या थंड पृष्ठभागावरच्या बाष्पाला भेटतात आणि तिथेच पांढरी पूड होऊन बसतात. बोटाच्या घामाच्या रेषा त्यांना विशेष प्रिय. म्हणून पोलीस याच वाफेनं अदृश्य ठसे उमटवतात. ही युक्ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून पुढे आली. आमच्या रेडिओच्या काचेवर त्या सकाळी माझेच ठसे उमटले असणार. पुरावा समोर होता, आजोबांनी तपास केला नाही एवढंच.

आता दांडी. ती पितळी नळीत फिरते, आणि दोहोंमध्ये केसाएवढी फट असते. पातळ सुपरग्लू पाण्यासारखा वाहता. चिमणीच्या वातीत रॉकेल आपोआप चढतं, त्याच ओढीनं तो फटीत शिरला. पसरायला एवढी अरुंद आणि दोन्हीकडे धातू असलेली जागा म्हणजे त्याचं माहेरच. अॅसिटोननं तो विरघळतो हे मी वाचलं होतं, मी तसं म्हणालोही. काका म्हणाले, "इरघळंल की. पण आधी कॅबिनेट इरघळंल."

त्यांनी सोल्डरिंगचा इस्त्रीसारखा तापलेला बिट दांडीला लावला आणि पक्कडीनं हळूहळू कलवत राहिले. शंभर अंशांच्या पुढे या गोंदाची पकड ढिली पडत जाते. जमलेले रेणू पुन्हा सुटे होऊ लागतात आणि डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. आम्ही दोघंही रडत होतो. दांडी अखेर फिरली, पण आतल्या कार्बनच्या पट्टीवरही गोंद पोचला होता. आवाजाचा तो भाग बदलावाच लागला. डब्यातून खटक्यासकट दहा केचा एक जुना निघाला. म्हणजे माझ्या दोन थेंबांची किंमत एक अख्खा सुटा भाग.

बटण तडकलेलं होतंच. त्याला त्यांनी दोन नळ्यांतलं एपॉक्सी लावलं, आपण अॅरल्डाइट म्हणतो ते. एका नळीत राळेसारखा घट्ट द्रव, दुसरीत त्याला बांधणारा. दोन्ही समप्रमाणात घोटले, की काहीही न उडता सगळंच्या सगळं घन होतं. म्हणून ते फारसं आक्रसत नाही, फटी भरून काढतं. स्वित्झर्लंडमधल्या पिअर कास्टान यांनी १९३०च्या दशकात हे केलं ते दंतवैद्यांसाठी, कवळ्यांच्या कामाला. अॅरल्डाइट या नावानं ते १९४६ साली लोकांसमोर आलं. शेतात पाइपला लावायचं एम-सीलही याच गोतातलं, फक्त कणकेसारखं मळलेलं. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा रात्रभर घेणारं जास्त मजबूत, हे मात्र लक्षात ठेवा. घाई करणारा रेणू जिथे असेल तिथेच अडकतो, सावकाश चालणाऱ्याला जोडीदार शोधायला वेळ मिळतो.

खरी मेख पुढे आहे. एपॉक्सी लावण्याआधी काकांनी दांडीला बोटानं ग्रीस फासलं. मग बटणाच्या आत गोंद भरला, बाहेरून दोरा गुंडाळला आणि बटण दांडीवर बसवून रात्रभर ठेवलं. सकाळी बटणाला दांडीचा हुबेहूब साचा आला होता, आणि ओढलं की ते अलगद बाहेर येत होतं. मी दांडीला चिकटवलं, त्यांनी बटणाला चिकटवलं. "ह्याच्यावर परत कुणाला तरी हात घालायचाय," ते म्हणाले.

हे वाक्य संग्रहालयातली माणसंही म्हणतात, फक्त जड शब्दांत. फुटलेली मडकी जोडायला जगभर ती पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरतात. ती सर्वांत मजबूत म्हणून नव्हे. पन्नास वर्षांनी कुणाला आपलं काम चुकीचं वाटलं, तर अॅसिटोननं ती पुन्हा सुटते म्हणून. सोनार तर हे कधीपासूनच करत आलाय. नक्षी कोरायची असली की दागिना लाखेवर बसवतो, काम झालं की ऊब देऊन उचलतो.

लाखेचा विषय निघाला म्हणून सांगतो. फळीवरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंपैकी एकाचं कॅबिनेट बेकेलाइटचं होतं, चॉकलेटी, थंडगार. त्यावर अंगठा जोरात घासा आणि वास घ्या. दवाखान्यासारखा वास येतो, त्यातल्या फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा. लिओ बेकलंड यांनी ते १९०७ साली केलं, तेव्हा ते शोधत होते लाखेला पर्याय. विजेच्या कामाला लाख लागायची, तबकड्यांना लाख लागायची, आणि ती यायची मुख्यतः आपल्याकडच्या जंगलांतून, एका किड्याच्या अंगातून. पांडवांच्या घराला लागली तीही लाख. बेकेलाइट मात्र सहजासहजी पेटत नाही आणि विरघळतही नाही. एकदा भाजलेली वीट जशी पुन्हा चिखल होत नाही, तसं. म्हणून त्याला थिनर निरुपयोगी, तिथे एपॉक्सीच.

माझा रेडिओ पॉलिस्टायरिनचा. त्याचा कोपरा फुटला होता, आणि तिथे काकांनी जे केलं त्याची मला अजून गंमत वाटते. त्यांनी गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोलचा तुकडा काढला. २०१८ च्या बंदीआधीचा, माळ्यावर पडलेला. काचेच्या बाटलीत बोटभर थिनर घेतलं आणि तुकडा त्यात बुडवला. तो वितळला नाही, गायब झाला. सुस्कारा सोडल्यासारखे बुडबुडे आले आणि तळहाताएवढ्या तुकड्याचा चमचाभर पाक उरला. थर्माकोलमध्ये शंभरात अठ्ठ्याण्णव भाग हवा असते, उरलेलं पॉलिस्टायरिन. म्हणजे कॅबिनेट ज्याचं, नेमकं तेच. आपण मखर म्हणून आणतो ती बहुतांशी हवाच.

हा पाक गोंद नव्हेच. शिजलेल्या शेवयांचे दोन गठ्ठे दाबून ठेवले, तर थोड्या वेळानं कुठला कुठे संपतो ते सांगता येत नाही, तसं इथे होतं. थिनरनं दोन्ही कडांवरचे रेणू मोकळे होतात, एकमेकांत गुंततात, आणि थिनर उडून गेल्यावर गुंतलेलेच राहतात. सांधा म्हणून वेगळं काही उरत नाही. फक्त धीर हवा. थिनर पूर्ण उडायला एक दिवस तरी लागतो, आणि मध्ये बोट लावलंत तर ठसा कायमचा. आधी आतल्या बाजूला कापसाच्या बोळ्यानं एक टिंब लावून बघायचं, चिकट झालं तर हे औषध चालेल. बाहेरच्या काचेजवळ मात्र थिनरची बाटलीसुद्धा उघडायची नाही. स्टेशनांची अक्षरं त्यानं निघून जातात, आणि ती परत कुठेच मिळत नाहीत.

शेवटी रेडिओच्या काळजाकडे आलो. आत पेन्सिलीएवढी एक काळी कांडी असते, फेराइटची. तिच्यावर बारीक तारेचं कॉइल. पडल्यामुळे ते सरकलं होतं. पुणे आकाशवाणीची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे एक लाट सुमारे ३७८ मीटर लांब. दोन एकरांच्या शेताला वेढा घालील अशी ती लाट विटेएवढ्या खोक्यातली काळी कांडी पकडते. १९५६ साली याच केंद्रानं मुंबई राज्यातल्या मराठी मुलखात दीडशे गावांसाठी शेतीचे वीस कार्यक्रम केले होते. गावात एका रेडिओभोवती मंडळ जमायचं, आधी ऐकायचं, मग चर्चा. अशा मंडळाच्या रेडिओतलं कॉइल सरकलं, की अख्खं गाव बहिरं.

मी विचारलं, इथे अॅरल्डाइट लावू या का, म्हणजे परत सरकायचं नाही. काकांनी देव्हाऱ्यापुढची मेणबत्ती आणली. रेडिओ चालू करून पुणे लावलं आणि प्लास्टिकच्या काडीनं कॉइल ज्वारीच्या दाण्याएवढं इकडे, अर्ध्या दाण्याएवढं तिकडे सरकवत राहिले. कॉइल कांडीच्या मध्याकडे गेलं की त्याचा गुण वाढतो, टोकाकडे गेलं की कमी होतो. एका जागी आवाज एकदम मोकळा झाला, कानातला दडा निघावा तसा. तिथे त्यांनी मेणाचा एक थेंब सोडला. कारखान्यातही मेणच लावतात. मेण वीज खात नाही, पाणी धरत नाही, आणि उद्या दाणाभर सरकवायचं झालं तर नखानं निघतं. तिथे फेविकॉल लावलं तर त्यातला ओलावा कॉइलची धार बोथट करतो.

फेविकॉल लागलं ते स्पीकरच्या फाटलेल्या कागदाला. १९५९ साली ते आलं, तोवर सुतार सरस शिजवायचे. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला, वासाचा, रोज तापवावा लागणारा. फेविकॉल म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे सूक्ष्म कण. ते प्रकाश विखुरतात म्हणून दुधासारखं पांढरं दिसतं. पाणी कागदात मुरलं की कण एकमेकांना भिडतात, मधल्या भिंती पडतात आणि पांढरा रंग नाहीसा होतो. स्पीकरचा कागद सेकंदाला शेकडो वेळा थरथरतो. तिथे सुपरग्लूचं कडक ठिगळ लावलं तर त्याच्या शेजारीच नवी चीर जाते. काकांनी पाणी घालून पातळ केलेलं फेविकॉल आणि पतंगाच्या कागदाचा तुकडा लावला, नखाएवढा. स्टेशनांचा काटा दोरीवर बसवायला नेलपॉलिशचं एक टिंब पुरलं. सुनेच्या बाटलीतलं, गुलाबी.

निघताना त्यांनी एका जुन्या टीव्हीचं कार्ड दाखवलं. कारखान्यानं भाग हलू नयेत म्हणून त्यावर पिवळा गोंद थापला होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तो काळपट तपकिरी झाला होता, आणि खालच्या तारा गंजून खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. क्लोरीन असलेल्या रबराचा हा गोंद म्हातारपणी आम्ल सोडतो आणि चक्क वीज वाहू लागतो. ज्यानं धरून ठेवायचं त्यानंच पोखरलं. सिलिकॉनच्या ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तीही तांब्याजवळ नको, तो वासच आम्लाचा. काकांकडे तसले बरेच नमुने होते, पण तेवढ्यात एक जण पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर घेऊन आला आणि माझा तास संपला.

घरी आलो. बटण डावीकडे पुरतं फिरवलं आणि टक् असा आवाज झाला. रेडिओ बंद. तो खटका मी किती वर्षांनी ऐकला कोण जाणे. दोन-तीनदा उगीच चालू केला, उगीच बंद केला. आजी खाटेवर बसून बघत होती. रात्री पाणी प्यायला उठलो तर फळीवर रेडिओचं झाकण उघडं होतं, टाके घातलेलं, आणि चार सेल कोनाड्यात ओळीनं उभे.